दोन बोटं जास्तीचं कापड

झऱ्याची धार त्या उन्हाळ्यात मनगटाएवढी झाली होती. एरवी ती मांडीएवढी जाड असे आणि खडकातून बाहेर पडताना म्हातारा माणूस घसा साफ करतो तसा आवाज करी. आता तिचा आवाजच बसला होता. पाणी यायचं, पण लग्नघरी आलेल्या गरीब नातेवाइकासारखं, कडेकडेनं, कुणाच्या डोळ्यावर न येता.

झऱ्याच्या तोंडाशी दगडी खोली होती आणि त्या खोलीत पाटाचं पाणी वाटून देणाऱ्या पाटकऱ्याचं राज्य. राज्य ते केवढं? पाण्यानं भरलेलं एक घंगाळ, त्यात तरंगणारी तांब्याची वाटी, भिंतीला टांगलेली काशाची थाळी आणि ती वाजवायचा लाकडी टोला. वाटीच्या बुडाला सुई जाईल एवढं भोक. वाटी घंगाळात सोडली की त्या भोकातून पाणी हळूहळू आत चढायचं, वाटी जड व्हायची आणि डुबुक करून बुडायची. मग थाळीवर टोला पडायचा. एक वाटी झाली. कुणाच्या शेताला पाच वाट्या पाणी, कुणाच्या सहा, हे पणजोबांच्या काळापासून ठरलेलं. आपल्या वाट्या संपल्या की शेताच्या तोंडाची फळी खाली टाकायची, पुढच्यानं आपली उचलायची. पाटाच्या अगदी टोकाला विणकराचा तुकडा होता. त्याच्या वाट्या ठरलेल्या नव्हत्या. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत जे उरेल ते त्याचं. मग पाट गुरांच्या तळ्याकडे वळायचा. पण उरायच्या चार वाट्या, आणि चार वाट्यांत त्याचे भोपळ्याचे वेल सुखानं पसरायचे.

पाटकऱ्याला सगळे मानत. ‘त्याच्या घरात मांजरसुद्धा पाळीनं दूध पितं,’ असं म्हातारी सुईण म्हणायची, आणि ते ऐकून त्याला मनातून बरं वाटायचं. वाटीला त्यानं कधी कुणाचा हात लागू दिला नाही. फक्त बायकोचा. रोज पहाटे अंघोळ करून ती वाटी राखेनं घासायची, भोकात बारीक काडी फिरवून ते साफ करायची, आणि दुपारी तो जेवून तासभर आडवा झाला की घंगाळापाशी तीच बसायची. कुणी विचारलंच तर तो सांगे, “माझे दोन डोळे दमले की हे दोन. डोळे डोळ्यांना फसवतात का?”

ती दुपार तिला आवडायची. दार अर्धं लोटलेलं. घंगाळातल्या पाण्यावर उन्हाची एक तिरीप पडायची आणि तिचं प्रतिबिंब वर छताला जाऊन हलत राहायचं. बघता बघता तिला वाटायचं, पाणी वर आहे आणि आपण त्याच्या तळाशी बसलो आहोत. शेजारच्या खोलीतून नवऱ्याचं घोरणं येई, तेही पाण्यातून आल्यासारखं. लांबून विणकराच्या मागाची ठकठक. वाटी हलायची, एका अंगाला कलायची, पुन्हा सरळ व्हायची. या वेळात जे होतं ते जागेपणी पडलेलं स्वप्न असतं, संध्याकाळी ते कुणाच्या लक्षात राहत नाही, असं तिला वाटू लागलं होतं.

दुपारची पाळी तिच्या धाकट्या भावाची. सहा वाट्या. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि ती नऊ वर्षांची. त्याला कडेवर घेऊन घेऊन तिची कंबर एका बाजूला किंचित कलली ती कललीच. अजून घागर उचलताना तो बाक दिसायचा.

एका दुपारी तो दाराशी येऊन उभा राहिला.

“दाजी झोपले का?”

“झोपलेत. हळू बोल.”

“माझा मका बघितलास, ताई? दाणा भरायच्या वेळी धरणं धरून बसलाय. सहा वाट्यांत मातीच ओली होत नाही. कणसात नुसते केस येणार या वर्षी.”

“सगळ्यांचंच तसं आहे, बाळ. धारच बारीक झाली. वाटी काय करेल? ती खोटं बोलत नाही.”

“वाटी कुठे बोलते? भोक बोलतं.” त्यानं मूठ उघडली. मेणबत्तीचा एक तुकडा होता, बोटाच्या पेराएवढा. “नखावर मावेल एवढं लाव. भोक थोडं अरुंद होईल. वाटी थोडी उशिरा बुडेल. सहाच्या सहाच वाट्या, मी जास्त कुठे मागतोय?”

“वेडा आहेस का! तुझ्या दाजींचा जीव आहे त्या वाटीत.”

“आणि माझा?” तो उंबऱ्यावर बसला. “मी कुणाचा आहे, ताई?”

या प्रश्नाला तिच्यापाशी लहानपणापासून एकच उत्तर होतं. बोटांमध्ये मेण चोळून तिनं मऊ केलं आणि भोकाच्या कडेला दाबलं. वाटी पाण्यावर ठेवली. छतावरची तिरीप हलत राहिली. काहीच झालं नाही. वाटी फक्त थोडा वेळ जास्त तरंगली.

सहा वाट्या झाल्यावर तिनं नखानं मेण खरवडून काढलं. थोडं नखात राहिलं, ते तिनं पदराला पुसलं. नवरा उठून डोळ्यांवर पाणी मारत आला, वाटीकडे पाहिलं, म्हणाला, “झाल्या सहा? शाबास.”

एक दिवस म्हणता म्हणता महिना झाला.

विणकर आणि पाटकरी लहानपणापासूनचे दोस्त. रोज संध्याकाळी विणकर खोलीच्या पायरीवर येऊन बसायचा. दोघं फार बोलत नसत. दोन बैल एका झाडाखाली उभे राहतात तसे बसत. एका संध्याकाळी विणकर म्हणाला, “गड्या, माझ्या वाट्या तीन झाल्या. परवा तर अडीचच.”

“लोक आळशी झालेत,” पाटकरी म्हणाला. “टोला ऐकून फळी उचलायला जातात ते जांभया देत. सगळा वेळ त्यात जातो. बघतो एकेकाला.”

आणि त्यानं बघितलं. दुसऱ्या दिवशी पाटाच्या कडेनं जाऊन ज्याला त्याला चार माणसांत फटकारलं. सुताराच्या म्हाताऱ्या बापाला, ज्याचे गुडघे धरले होते, त्यालाही सोडलं नाही. गावातल्या प्रत्येक माणसावर त्याचा संशय फिरून आला; एका घराला तेवढा वळसा घालून गेला.

विणकर पुन्हा आला तो आठवड्यानं. तेव्हा झऱ्यापाशी पाण्याची बैठक बसली होती, गाव जमलं होतं. त्याच्या खांद्यावर कापडाची गुंडाळी होती. त्यानं ती सगळ्यांसमोर जमिनीवर उलगडली. पांढरं कापड, आणि त्याच्या काठाला ठिकठिकाणी गाठी मारलेले तांबडे दोरे.

“हे काय, मुंडावळ्या का?” सुईण म्हणाली. लोक हसले.

विणकर हसला नाही. “तुझा टोला मला मागावर ऐकू येतो,” तो पाटकऱ्याला म्हणाला. “प्रत्येक टोल्याला मी एक तांबडा दोरा बांधला. एका वाटीत माझं सात बोटं कापड विणून होतं. सकाळी सात. दिवस कलताना सात. हे दुपारचे दोरे बघ. नऊ. सगळे नऊ. रोज नऊ.”

पाटकरी खाली वाकला नाही. “दुपारी उन्हानं माणूस सुस्तावतो. तुझा हात तुझ्या ताब्यात राहत नसेल.”

“सुस्तावला तर कापड कमी होईल की रे बाबा,” सुईण म्हणाली. “माझी सून दुपारी सुस्तावते, तर भाकरी कमी होतात, वाढत नाहीत.”

पुन्हा हसू फुटलं, आणि त्या हसण्यानं घात केला. पाटकऱ्याचा चेहरा उकळत्या पाण्यावरच्या झाकणासारखा थरथरला. त्याची बायको मागे बायकांत बसली होती. तिला ते कापड दिसत होतं. तिच्या दुपारी तिथे उन्हात पसरल्या होत्या, मोजून, गाठी मारून. स्वप्नाचं माप निघतं हे तिला माहीत नव्हतं.

“दुपारी वाटीपाशी माझी बायको असते,” पाटकरी म्हणाला. “म्हणजे तू तिला चोर म्हणतोस.”

“मी वहिनींचं नावही घेतलं नाही. मी कापड दाखवतोय.”

“मग ऐक. उद्या दुपारी वाटी मी स्वतः सगळ्यांसमोर ठेवतो. तू मागावर बस. वाटीत खोट निघाली तर ही थाळी मी खाली ठेवीन आणि जन्मभर पाटातला गाळ उपशीन. आणि नाही निघाली तर?”

“नाही निघाली तर तू सांगशील ते,” विणकर म्हणाला.

तिच्या भावानं गर्दीतून तिच्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटल्यासारखे केले. घाबरू नकोस, असं लहानपणी तीच त्याला सांगायची.

दुसऱ्या दिवशी वाटी स्वच्छ होती. तिनंच घासली होती, नेहमीपेक्षा जास्त वेळ. सहा टोले पडले. सहा माणसं विणकराच्या मागापाशी उभी होती. सात बोटं. सात. सात. सहाच्या सहा वेळा सात. विणकर मागावरून उठला तेव्हा त्याला आपलेच पाय सापडत नव्हते. तो कापडावरून हात फिरवत राहिला, आंधळा माणूस ओळखीचा चेहरा चाचपतो तसा.

“वाटीवर खोटा आळ घेणाऱ्याचं पाणी पंधरा दिवस बंद,” पाटकरी म्हणाला. असा नियम होता, पण तो कुणी कधी वापरलेला नव्हता. “या दिवसांत पंधरा दिवस म्हणजे…” सुतार काही बोलू पाहत होता. पाटकऱ्यानं हात वर केला. “नियम दोस्ताला वेगळा असतो का?”

रात्री जेवताना तो म्हणाला, “तुझ्यावर बोट दाखवलं त्यानं. मी ऐकून कसं घेईन?” आणि आपल्या ताटातला घास त्यानं तिच्या ताटात ठेवला. तो घास तिनं गिळला. कसा, ते तिलाच माहीत.

आता हे संपलं, असं तिनं ठरवलं होतं. पण चौथ्या दिवशी भाऊ पुन्हा उंबऱ्यावर येऊन बसला.

“आता तर वाटी गावासमोर खरी ठरली, ताई. आता कोण शंका घेतंय?”

“ऊठ. चालता हो इथून.”

तो उठला नाही. नुसता गुडघ्यांना मिठी मारून बसला, भूक लागल्यावर बसायचा तसा. त्याच्या मानेवर उन्हानं घामोळं उठलं होतं. बराच वेळ ती छताकडे पाहत राहिली. तिथे तिरीप हलत होती, मऊ, दुधासारखी, जणू कुणी वरून तिला जोजवत होतं. मग तिनं हात पुढे केला आणि त्यानं त्यावर मेण ठेवलं.

त्याच दिवसांत नवऱ्याची दुपारची झोप उडाली होती. तो आडवा व्हायचा, कूस बदलायचा, उठून बाहेर जायचा. कुठे जाता, असं तिनं विचारलं नाही. तो विणकराच्या तुकड्यावर जाऊन बसे. वेल वाळून दोरखंडासारखे झाले होते. भोपळे मुठीएवढे होऊन थांबले होते. विणकर त्याला बघायचा, पण मागावरून उठायचा नाही. ठकठक चालू ठेवायचा.

दहाव्या दिवशी ती घंगाळापाशी बसली असताना पाटाच्या कडेनं नवरा येताना दिसला. भर उन्हात, डोक्याला काही न गुंडाळता, अगदी सावकाश. झोपेत चालणारा माणूस जसा कशाला अडखळत नाही, तसा तो येत होता. वाटी अर्धी भरली होती. तिला उचलून मेण काढता आलं असतं. तेवढा वेळ होता. तिचा हात उठलाच नाही.

तो आत आला. घंगाळात हात घालून त्यानं वाटी उचलली, उपडी केली, भोकावर बोटाचं टोक ठेवलं.

“मेण?”

“हो.”

“मागाचे ठोके मोजत होतो,” तो म्हणाला, जणू तिलाच काही समजावून सांगायचं होतं. “मुद्दाम नाही. कानावर पडत होते म्हणून. सकाळी दोनशे दहा. आत्ता दोनशे सत्तर.” तो खाली बसला. “त्या दिवशीही होतं?”

“त्या दिवशी नव्हतं. त्याच्या आधी महिनाभर.”

त्यानं मान हलवली. कुणासाठी, हे विचारायची गरज नव्हती. दुपारची पाळी कुणाची हे त्याला माहीत होतं. ती म्हणाली, “अहो, मला मारा. काहीतरी बोला.” तो वाटीतलं पाणी भोकातून थेंब थेंब गळताना बघत राहिला. मेणामुळे ते फार हळू गळत होतं. सगळं गळून होईपर्यंत तो बसून राहिला. मग उठला आणि त्यानं थाळीवर टोला हाणला. एक, दोन, तीन, मोजमाप सोडून, जसा कुणी दार बडवतो.

गाव धावत आलं. कुणाच्या हातात फावडं, कुणाच्या हाताला पीठ. मागावरून उठून विणकर आला.

पाटकऱ्यानं वाटी उंच धरली. “विणकराचं कापड खरं होतं. दुपारी वाटीला मेण लागत होतं. मी लावत होतो.”

तिनं तोंड उघडलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, पण त्याचा हात मागे येऊन तिच्या मनगटावर बसला आणि असा आवळला की बांगडी वाकली. तिचा आवाज तिथेच थांबला.

सगळ्यांत आधी भाऊच बोलला. “दाजी! तुम्ही?” तो पुढे आला. “आणि माझ्या पाळीत? म्हणजे उद्या गाव मला चोर म्हणणार! मी तुम्हाला बापाच्या जागी मानलं, आणि तुम्ही माझ्या शेताच्या आडून हे धंदे केलेत?” त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. डोळ्यांत पाणीही होतं. लहानपणी खोटं बोलताना त्याच्या डोळ्यांत असंच पाणी यायचं, आणि दरवेळी तीच ते पुसायची.

लोकांना वाचा फुटली. ज्यांना त्यानं उगाच फटकारलं होतं ते सगळे बोलले. सुताराचा म्हातारा बाप काठी टेकत आला आणि त्याच्या पायापुढे थुंकला.

विणकर जवळ आला. हळूच म्हणाला, “तू नाही लावलंस. तुला खोटं बोलता येत नाही. आत्ताही येत नाहीये.”

पाटकरी त्याच्या कानाशी वाकला. ती अगदी शेजारी होती म्हणून तिला ऐकू आलं. “त्या दिवशी तुझं खरं मी मानलं नाही. आज माझं खोटं तू मान. माझ्यासाठी एवढं कर.”

 विणकर मागे सरकला आणि गर्दीत जाऊन उभा राहिला.

थाळी आणि वाटी भावाकडे गेली. ज्याच्या आडून चोरी झाली तोच यापुढे सगळ्यांत जास्त जपेल, असं लोकांना वाटलं.

पाटकरी पाटात उतरला. गुडघाभर काळा गाळ, वर उन्हाचा वणवा. सकाळी जो जाई तो अंधार पडल्यावरच वर येई. घरी तो रागावला नाही की रुसला नाही. “मीठ दे,” म्हणे. “दार लाव,” म्हणे. तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं शिक्षेचं वाक्य म्हणजे ते ‘दार लाव’. महिन्याभरात त्याचे तळवे सोलून निघाले, पाठ वाकली. एका दुपारी तो गाळातच बसला आणि त्याला उठता येईना. दोघांनी धरून वर काढला. डोळे उघडे, पण समोर कोण आहे ते कळत नव्हतं. “झाल्या का सहा?” तो विचारत राहिला.

त्या संध्याकाळी ती झऱ्यापाशी गेली. पाण्याची बैठक चालू होती. भाऊ पायरीवर बसला होता, तिच्या नवऱ्याच्या जागी. ती सगळ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं बैठकीत तोंड उघडलं.

“मेण मी लावलं. माझ्या हातानं. यांना माहीतच नव्हतं. माझ्या भावासाठी लावलं, त्यानंच आणून दिलं. यांना मोकळं करा, मला पाटात उतरवा.”

 भावानं हळुवार हाक मारली, “ताई,” आणि उठून तिच्या खांद्याला धरलं. “मला माहीत होतं, तू हेच म्हणशील. दाजींसाठी तू जीवही देशील. पण त्यासाठी मला चोर ठरवू नकोस गं. मी तुझ्या हातचा वाढलोय.”

“हा खोटं बोलतोय! विचारा याला!”

बायकांत कुणीतरी हुंदका दिला. सुतारानं डोक्यावरचं फडकं काढलं. सुईणआजी, जिच्या जिभेला हाड नव्हतं, ती पुढे आली आणि तिचा चेहरा दोन्ही हातांनी धरला.

“बायको असावी तर अशी,” ती म्हणाली. “नवऱ्याचं पाप पदरात घ्यायला निघाली. त्या मेल्याची लायकी नव्हती गं तुझी.”

“आजी, देवाशपथ सांगते…”

“सांग, सांग. देवसुद्धा माफ करेल अशी शपथ आहे तुझी.”

तिनं गर्दीत विणकराला शोधलं. तो दिसला. तिचे डोळे त्याच्या डोळ्यांना भिडले आणि तिला कळलं की त्याला सगळं ठाऊक आहे. त्याचे ओठ हलले. मग त्यानं मान खाली घातली. दोस्तानं आयुष्यात एकदाच काही मागितलं होतं, आणि तो आता धड शुद्धीवरही नव्हता की दिलेलं परत घेता यावं.

सकाळी ती पाण्याला गेली. झऱ्याखालच्या दगडांवर बायकांची रांग होती, धार आणखी बारीक झालेली. ती नेहमीसारखी सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. पुढे काहीतरी कुजबूज झाली आणि रांग दोन्ही बाजूंना सरकली. आपापल्या घागरी बाजूला ओढून बायकांनी तिला वाट करून दिली.

“ये,” सुताराची सून म्हणाली. “तू आधी भर.”

“माझी पाळी नाही.”

“तुला गं कसली पाळी? भर तू.”

सगळ्या तिच्याकडे बघत होत्या, मायेनं, आदरानं. लहान मुलीला तिच्या आईनं पुढे केलं, बघ, असं म्हणून. घरी नवरा तहानेनं व्याकूळ पडला होता. ती पुढे गेली, वाकली, आणि धारेखाली घागर धरली.